आखाड्यात वसलेले गाव

जुलै १८३० मध्ये फ्रेंच सैन्याने अल्जीयर्स जिंकले. दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या काठी असलेल्या आर्ल या शहरात त्या विजयाचा उत्सव झाला आणि उत्सवासाठी शहरातल्या रोमनकालीन अँफिथिएटरमध्ये बैलांचा खेळ ठेवण्यात आला. कित्येक शतकांनंतर त्या जागी पुन्हा जनावरे धावली, भोवती पुन्हा प्रेक्षकांचा आरडाओरडा झाला.

मात्र बैल जिथे धावले, तिथे थोडीच वर्षे आधी लोक राहत होते. चुली पेटत होत्या, वाळत घातलेले कपडे होते, प्रार्थनेची घंटा वाजत होती. दोनशेहून अधिक घरे, दोन लहान चर्च आणि मधोमध एक चौक असे एक पूर्ण गाव त्या दगडी कड्याच्या आत होते. हे गाव हजाराहून अधिक वर्षे टिकले आणि एका पिढीच्या आत पुसले गेले.

‘पुनर्विकास’ हा शब्द आज मुंबई-पुण्यात रोज कानावर पडतो. बंद पडलेली गिरणी, जुनी चाळ, ओस पडलेले नाट्यगृह या साऱ्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र आजचा नाही. या धाग्यात पाहायचा आहे तो त्याचा एक फार जुना नमुना. त्यात बिल्डर नव्हता, आराखडा नव्हता, मंजुरी नव्हती. ज्या इमारतीचा मूळ धंदा बुडाला, ती लोकांनी राहती केली. आणि पुढे कोणीतरी ठरवले, की हे राहणे म्हणजे त्या इमारतीवर चढलेली घाण आहे.

आधी इमारतीची ओळख. आर्ल ही ज्युलियस सीझरच्या काळात इ. स. पू. ४६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेली वसाहत. तिचे अँफिथिएटर इ. स. ९० च्या सुमारास उभे राहिले. लांबी सुमारे १३६ मीटर, रुंदी सुमारे १०९ मीटर, बाहेरून दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर साठ कमानी. वीस हजारांच्या आसपास माणसे त्यात बसत. मधल्या लंबवर्तुळाकार जागेत वाळू पसरलेली असे. लॅटिनमध्ये वाळूला ‘हारेना’ म्हणतात, त्यावरूनच या जागेला ‘अरेना’ हे नाव पडले. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात तांबडी माती असते, तिथे वाळू. रक्त शोषून घ्यायला ती बरी.

या वाळूवर ग्लॅडिएटर लढत, दूरदेशींची जनावरे मारली जात, गुन्हेगारांना जाहीर मृत्युदंड दिला जाई. प्रेक्षकांना हे सारे फुकट असे. फुकट याचा अर्थ दुसरा कोणीतरी पैसे मोजत असे. तो दुसरा म्हणजे शहरातला धनिक, नगराधिकारी किंवा सम्राटपूजेचा पुरोहित. पद मिळाले की खेळ भरवणे हे त्याचे कर्तव्य ठरे. हा भार इतका वाढला, की इ. स. १७७ च्या सुमारास मार्कस ऑरेलियसच्या राजवटीत ग्लॅडिएटरांच्या किमतींवर मर्यादा घालणारा ठराव सिनेटला करावा लागला. त्या ठरावाचा मजकूर कोरलेला ब्राँझचा पत्रा स्पेनमध्ये सापडला आहे. खर्चाच्या धास्तीने पुरोहितपदाविरुद्ध अपील केलेल्या आणि ठरावाची वार्ता कळताच ते अपील मागे घेणाऱ्या गॉलमधील एका पुरोहिताचा उल्लेख त्यात येतो. अँफिथिएटर भरभराटीला असतानाही त्याचे अर्थकारण किती तकलादू होते, हे या एका प्रसंगातून पुरेसे कळते.

ही खेळगृहे बंद पडण्याचे श्रेय पुष्कळदा एकट्या ख्रिस्ती धर्माला दिले जाते. त्याचा वाटा होताच. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइनने गुन्हेगारांना ग्लॅडिएटर करण्यास मनाई केली आणि पाचव्या शतकात ग्लॅडिएटरांच्या लढती संपल्या. जनावरांच्या शिकारीचे खेळ मात्र पुढेही चालू राहिले. खुद्द रोममध्ये त्यांची शेवटची नोंद ५२३ ची आहे, म्हणजे साम्राज्य ख्रिस्ती होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतरची. खरा घाव पैशाचा होता. पाचव्या शतकात पश्चिमेकडचे साम्राज्य विस्कटले, कर थांबले, आफ्रिकेतून जनावरे येईनाशी झाली, खेळांवर खर्च करणारा श्रीमंत वर्ग खेड्यांतल्या आपल्या जमिनींवर निघून गेला. वीस हजार माणसांसाठी बांधलेल्या या इमारतींना ना प्रेक्षक उरला ना यजमान.

मग अशा प्रचंड दगडी सांगाड्याचे करायचे काय?

पहिले उत्तर भीतीने दिले. जाड दगडी भिंतींचे, बंद आणि गोलाकार असे ते बांधकाम म्हणजे आयता किल्लाच. बाहेरच्या कमानी बुजवल्या, मोजकी दारे ठेवली, की तटबंदी तयार. आर्लमध्ये अँफिथिएटरवर चार बुरूज उभारले गेले. तिथून जवळच असलेल्या नीम शहरातही तेच घडले. तिथल्या अँफिथिएटरचा विसिगोथांनी गढीसारखा वापर केला. ६७३ मध्ये विसिगोथ राजा वाम्बा याच्याविरुद्ध पाउलुस नावाच्या त्याच्याच सेनानीने बंड केले. नीम शहर राजाच्या सैन्याच्या हाती लागल्यावर हा पाउलुस आपल्या साथीदारांसह अँफिथिएटरमध्ये शिरून बसला आणि तिथेच शरण आला. तोलेदोच्या ज्युलियनने ही हकिगत त्या काळाच्या अगदी जवळ राहून लिहून ठेवली आहे. पुढे ७३७ मध्ये चार्ल्स मार्टेलने या प्रदेशावर स्वारी केली तेव्हा त्याने नीमचे अँफिथिएटर पेटवले. रिकाम्या करमणूकगृहाला आग लावण्याची तसदी कोणता सेनापती घेईल? त्याच्या लेखी तो किल्ला होता. बाराव्या शतकाच्या कागदपत्रांत तर नीममध्ये ‘आखाड्याचे सरदार’ असा योद्ध्यांचा एक स्वतंत्र वर्गच दिसतो. त्यांची निष्ठा, हक्क आणि निवास हे सारे त्या वास्तूशी बांधलेले होते.

भीती ओसरली तरी लोक मात्र आतच राहिले. त्याचे कारण त्या इमारतीच्या रचनेत सापडते.

अँफिथिएटर आतून पोकळ असते. वर पायऱ्यापायऱ्यांची आसने आणि त्यांना खालून आधार देणाऱ्या, मध्याकडून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या भिंतींची रांग. चाकाच्या आऱ्या जशा असाव्यात तशी. प्रत्येक दोन भिंतींमध्ये कमानदार छताचा एक गाळा. म्हणजे राहायला येणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या भिंती आणि डोक्यावरचे छप्पर आयतेच मिळे. पुढून आणि मागून भिंत घातली, दार-खिडकी बसवली, लाकडाचा माळा टाकला, की घर झाले. प्रेक्षकांची ये-जा होण्यासाठी इमारतीत गोल फिरणारे बोळ होते, त्यांच्या गल्ल्या झाल्या. मधली वाळूची जागा आणि आसनांचा उतार यांवर पुढे नवी घरे चढली, पण आत एक मोकळा चौक राहिला. रोमन स्थापत्यकारांनी वीस हजार माणसांची गर्दी काही मिनिटांत आत-बाहेर नेण्यासाठी केलेली आखणी दोनशे कुटुंबांच्या रोजच्या येण्याजाण्यालाही तितकीच सोयीची ठरली. हे त्यांच्या स्वप्नातही नसावे.

सारा पसारा बाहेरच्या भिंतींसह मोजला तरी तीन एकरांहून किंचित कमी भरतो. एवढ्या जागेत दोनशेहून अधिक घरे आणि दोन चर्च बसली होती. सतराव्या शतकातल्या कोरीवचित्रांत हे गाव दिसते: खालून रोमन कमानींची रांग, तिच्यावरून डोकावणारी उतरती छपरे, मध्ये दाटीने उभी असलेली लहानमोठी घरे आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारे ते मध्ययुगीन बुरूज. चित्रकाराला रोमन वास्तू दाखवायची असते, पण घरे वगळून ती दाखवता येत नाही, अशी त्याची पंचाईत चित्रातही जाणवते. काहींनी त्यावर तोडगा काढला: शेजारी दुसरे चित्र काढून त्यात घरांविना, कल्पनेतले प्राचीन अँफिथिएटर उभे केले. पुढे एकोणिसाव्या शतकाने जे प्रत्यक्षात केले, ते कागदावर आधीच होऊन गेले होते.

आजच्या नगररचनेच्या भाषेत हा ‘मिश्र वापर’ झाला. राहणे, काम, उपासना आणि संरक्षण एकाच आवारात. ‘शाश्वत’ हा शब्दही इथे शोभेल, कारण पाया, भिंती आणि छपरे यांसाठी नवा दगड फारसा आणावा लागला नाही. पण या गावाचे चित्र फार गोंडस रंगवण्याचे कारण नाही. खालचे गाळे अंधारे आणि दमट असणार, सांडपाण्याची वाट बिकट असणार. अठराव्या शतकापर्यंत श्रीमंत घराणी अशा जागा सोडून गेली होती आणि आतली वस्ती गरिबांची उरली होती. शिवाय रहिवाशांनी इमारत जपली तशी खाल्लीही. आर्लच्या अँफिथिएटरचा सर्वांत वरचा थर आज नाही, बहुतेक मूळ आसने नाहीत. तो दगड कुठेतरी, कोणाच्या तरी भिंतीत गेला.

तरीही तुलना करून पाहावी. बोर्दो शहराच्या रोमन अँफिथिएटरच्या आज काही कमानीच शिल्लक आहेत, घरांच्या गर्दीत अडकलेल्या. रोमचे कलोसियम तर शतकानुशतके खाणीसारखे वापरले गेले. १४५२ मध्ये एका ठेकेदाराने तिथून अडीच हजारांहून अधिक गाड्या दगड नेल्याची नोंद आहे. जो दगड कोणाच्याच मालकीचा नसतो तो सर्वांचा होतो आणि लवकर संपतो. जी भिंत कोणाच्या तरी घराची असते, तिला हात लावायला निदान त्या घरमालकाचा विरोध असतो. आर्ल आणि नीमची अँफिथिएटरे आज युरोपातल्या सर्वांत सुस्थितीतल्या रोमन वास्तूंत मोजली जातात, त्यामागे त्या हजारभर वर्षांच्या रहिवाशांचा मोठा वाटा आहे. या रहिवाशांचे नाव मात्र कोणत्याही पाटीवर ठळक अक्षरांत नाही.

कलोसियमचा विषय निघालाच आहे, तर एक प्रसंग सांगायलाच हवा. मध्ययुगात कलोसियमच्या गाळ्यांतही घरे आणि कारागिरांची दुकाने होती, नंतर फ्रांजिपाने या बलाढ्य घराण्याने तिथे गढी केली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप सिक्स्टस पाचवा याने आपला वास्तुविशारद दोमेनिको फोंताना याच्याकडून या ओसाड वास्तूचा चक्क पुनर्विकास आराखडा करून घेतला. कलोसियममध्ये लोकरीची गिरणी काढायची. खालच्या मजल्यावर कामाच्या जागा, वरच्या मजल्यांवर कामगारांची घरे. शहरातल्या बेकारांना काम मिळावे आणि लोकरीचा धंदा वाढावा हा हेतू. जागा साफ करण्याचे काम सुरूही झाले. १५९० मध्ये पोप वारला आणि योजना बारगळली. ती पार पडली असती तर जगातले सर्वांत प्रसिद्ध भग्नावशेष आज गिरणीची चाळ म्हणून ओळखले गेले असते. परळ-लालबागच्या वाचकाला यात हसावे की हळहळावे कळणार नाही. मजेची गोष्ट अशी, की पोपला वरून आणि आराखड्यानिशी जे जमले नाही, ते आर्लच्या लोकांनी शेकडो वर्षे आधीच, एकेक गाळा करत, साधले होते.

अठराव्या शतकात मात्र वारे फिरले. पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या उत्खननांनी युरोपभर प्राचीन रोमचे वेड पसरवले होते. खांब, कमानी आणि प्रमाणबद्धता यांत लोकांना आदर्श दिसू लागला. या नव्या नजरेला आर्ल किंवा नीममध्ये दोन वेगळ्या गोष्टी दिसत: एक उदात्त रोमन वास्तू आणि तिच्या अंगाला चिकटलेली कळकट घरे. हजार वर्षे एकत्र वाढलेली ती एकच गोष्ट आहे, हे कोणाच्या मनात आले नाही. नीममध्ये १७८६ मध्ये, सोळाव्या लुईच्या काळात, घरे हटवण्याचे काम सुरू झाले. तिथे त्या वेळी सुमारे सातशे लोक राहत होते. मध्येच क्रांती झाली आणि काम थांबले. राजा गेला, पण त्याची ही योजना गेली नाही. नेपोलियनच्या राजवटीत, १८०९ नंतर, ती पूर्ण करण्यात आली. पाडापाडीच्या बाबतीत राजेशाही आणि साम्राज्य यांचे एकमत व्हावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आर्लची पाळी १८२० च्या दशकात आली. तिथे हे काम महापौर बॅरन द शार्त्रूझ याच्या पुढाकाराने झाले. घरे ताब्यात घेऊन एकामागून एक पाडण्यात आली. फ्रान्समध्ये मार्च १८१० मध्ये सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेण्याचा कायदा झाला होता. त्यात न्यायालयाचा निर्णय आणि नुकसानभरपाई यांची तरतूद होती, म्हणजे घरमालकाला कायद्याचा काहीएक आधार मिळाला होता. पण भरपाई मिळते ती मालकाला. अशा जुन्या, गरीब वस्त्यांत भाड्याने राहणाऱ्याचा, पोटभाडेकरूचा, शेजाऱ्याच्या ओट्यावर धंदा मांडणाऱ्याचा हिशेब कोणत्याच वहीत येत नाही. आजही याहून फार वेगळे घडते, असे म्हणणे कठीण आहे.

आणखी एक नुकसान इतिहासाचे झाले. पुरातत्त्वाची शास्त्रीय शिस्त तेव्हा जन्मायची होती. घरे पाडताना कोणती भिंत कोणत्या शतकातली, कोणते भांडे कोणत्या थरात सापडले, याची नोंद आजच्या अर्थाने झाली नाही. रोमन खेळांचा काळ सुमारे चारशे वर्षांचा, त्यानंतरच्या वस्तीचा काळ हजाराहून अधिक वर्षांचा. जो काळ जवळजवळ तिप्पट होता, तोच मलबा म्हणून गाड्यांत भरला गेला. प्राचीन वास्तू ‘मोकळी’ केली असे सांगताना एका मध्ययुगीन गावाचा पुरावा नष्ट होत होता, याची खंत त्या काळच्या हौशी संशोधकांना फारशी वाटली नाही. उलट बाजूही नोंदवायला हवी: घरे हटली नसती तर अँफिथिएटरची रचना, त्याचे जिने, बोळ आणि आखाड्याची भिंत यांचा अभ्यास इतक्या बारकाईने झाला नसता. प्रश्न इतकाच, की त्यासाठी सगळेच उचलून टाकणे गरजेचे होते का?

इटलीतल्या लुक्का शहराने याच दशकांत निराळे उत्तर शोधले.

लुक्काचेही एक रोमन अँफिथिएटर होते, पहिल्या-दुसऱ्या शतकातले. तेही बंद पडले, त्याचाही दगड शहरातल्या इतर बांधकामांसाठी गेला, त्याच्याही गाळ्यांत लोक राहू लागले. शतकांच्या ओघात आतल्या जागेत मिठाचे कोठार होते, दारूगोळ्याचे कोठार होते, तुरुंगही होता. जमीन हळूहळू भरत गेली आणि रोमन आखाड्याची पातळी आजच्या फरसबंदीच्या काही मीटर खाली गाडली गेली. १८३० च्या दशकात लुक्का हे बोर्बोन घराण्याचे छोटे स्वतंत्र संस्थान होते आणि लोरेंझो नोत्तोलिनी हा त्याचा वास्तुविशारद. प्राचीन रोमचे वेड त्यालाही होतेच, तो त्याच पिढीचा माणूस. पण त्याने फक्त मधल्या जागेतली बांधकामे काढली. कड्यावरची, म्हणजे रोमन आसनांच्या पायावर उभी असलेली घरे त्याने राहू दिली आणि मोकळा झालेला लंबवर्तुळाकार चौक शहराच्या बाजारासाठी दिला.

परिणाम आज डोळ्यांसमोर आहे. लुक्काच्या त्या चौकात उभे राहिले तर रोमन दगड फारसा दिसतच नाही. दिसतात ती पिवळसर रंगाची, कमीजास्त उंचीची, खिडक्यांत कपडे वाळत घातलेली घरे, खाली दुकाने आणि खाणावळी. पण सगळी घरे एका वळणात उभी आहेत आणि ते वळण रोमन आहे. बाहेरच्या गल्लीतून फिरले की घरांच्या भिंतींत मधूनमधून जुन्या कमानी डोकावतात. इथे इमारत गेली आणि आकार उरला. आर्लमध्ये इमारत उरली आणि माणसे गेली. दगडाच्या शुद्धतेत आर्ल सरस आहे, यात शंका नाही. परंतु वास्तूचा वापर चालू ठेवणे हाच जतनाचा निकष मानला, तर नोत्तोलिनीचा निर्णय त्याच्या काळाच्या पुढचा होता. त्यामागे तत्त्वज्ञान किती आणि काटकसर किती, हा भाग वेगळा. वाचलेल्या घरांना त्याने काही फरक पडला नाही.

फ्लॉरेन्समध्ये तर असा चौकही उरलेला नाही. सांता क्रोचे चर्चच्या जवळच्या काही गल्ल्या विनाकारण वळलेल्या दिसतात. त्या खालच्या रोमन अँफिथिएटरच्या कडेवरून जातात. रोमच्या पियात्सा नव्होना या जगप्रसिद्ध चौकाचा लांबट आकारही सम्राट डोमिशियनच्या क्रीडांगणाचा आहे. भोवतालच्या वाड्यांचे पाय जुन्या आसनांवर टेकलेले आहेत.

तिसरे उत्तर रोमनेच दिले, पण शंभर वर्षांनी. ऑगस्टसच्या काळात पुरे झालेले मार्सेलसचे उघडे नाट्यगृह मध्ययुगात गढी झाले, सोळाव्या शतकात बाल्दास्सारे पेरुत्सी याने सावेल्ली घराण्यासाठी त्याच्यावर वाडा चढवला आणि खालच्या कमानींत कसाई, लोहार, कोळसेवाले यांची दुकाने लागली. १९२६ ते १९३२ या काळात मुसोलिनीच्या राजवटीने खालची दुकाने हटवली, शेजारचा पियात्सा मोंतानारा हा गजबजलेला चौक जमीनदोस्त केला आणि कमानी मोकळ्या केल्या. वरचा वाडा मात्र तसाच राहिला. आजही तिथे राहती घरे आहेत, अर्थात अतिश्रीमंतांची. साफसफाईच्या या तऱ्हेत कोणता वापर ‘घाण’ ठरतो आणि कोणता ‘वारसा’, हे पुष्कळदा वापरणाऱ्याच्या खिशावर ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे अवघड.

पुन्हा आर्लकडे. १८४० मध्ये फ्रान्सने ऐतिहासिक स्मारकांची पहिली यादी केली, तीत या अँफिथिएटरचे नाव आले. १९८१ मध्ये युनेस्कोने आर्लच्या रोमन आणि रोमानेस्क वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दरम्यान १८३० च्या त्या उत्सवाने पाडलेला पायंडा चालूच राहिला. बैलांचे खेळ आर्लच्या अंगवळणी पडले, काहींत बैलाच्या शिंगांत अडकवलेली फुंदे हिसकायची असतात, तर काहींत स्पॅनिश पद्धतीने बैल मारला जातो. डिसेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने इथल्या गर्दीचे एक चित्र काढले. त्यात बैल एका कोपऱ्यात इवलासा आणि सारा पट प्रेक्षकांनी भरलेला आहे. ज्या धंद्यात ही इमारत पाचव्या शतकात बुडाली होती, तोच धंदा तिला परत मिळाला. मध्ये जो हजार वर्षांचा दुसरा उद्योग झाला, राहण्याचा, तो खंड म्हणून मोजला गेला.

तरी ते गाव पुरते पुसता आले नाही. रोमन वास्तू मूळ रूपात आणायची तर मध्ययुगीन बुरूजही पाडायला हवे होते. पण चारांपैकी तीन आजही उभे आहेत. रोमन कमानींच्या डोक्यावर ते स्पष्टच विजोड दिसतात, दगडाची ठेवण वेगळी, उंची वेगळी. आज तिकीट काढून आत गेलेला पर्यटक बहुधा प्रवेशद्वारावरच्या बुरुजाचा जिना आधी चढतो, कारण संपूर्ण आखाडा, शहराची तांबडी छपरे आणि पलीकडची ऱ्होन नदी एका नजरेत तिथूनच दिसतात.